निचऱ्याच्या मातीच्या नळ्या

‘टाइल’ म्हटले की घरावरील कौल डोळ्यांपुढे येते. परंतु शेतीशास्त्रात ‘टाइल ड्रेन’ म्हणजे जमिनीत पुरलेली, भाजलेल्या मातीच्या नळ्यांची रांग होय. पूर्वी ब्रिटनमध्ये मातीची सपाट पट्टी नालाच्या आकारात वाकवून भाजीत व चरात पालथी ठेवीत. १८४० नंतर यंत्रावर गोल नळ्या होऊ लागल्या. नाव मात्र जुनेच राहिले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जॉन जॉन्स्टन या शेतकऱ्याने स्कॉटलंडहून नमुने मागवून १८३८ मध्ये अशा टाइल शेतात पुरल्या. हा मनुष्य जमिनीत भांडी पुरतो, अशी त्याची थट्टा झाली. पुढे त्याचे पीक पाहून इतरांनी त्याचेच अनुकरण केले.

पाणी नळीच्या अंगातून झिरपून आत येते, हा समज बरोबर नाही. ते मुख्यतः दोन नळ्यांच्या सांध्यांतून येते. म्हणून सांधे सिमेंटने बुजवू नयेत; सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी. नळी साधारणपणे ३० सेंटिमीटर लांब व आतून १० सेंटिमीटर रुंद असते. चर सुमारे १ मीटर खोल घेऊन १०० मीटरला निदान १० सेंटिमीटर उतार द्यावा. नळ्या बसविण्यास खालच्या टोकाकडून आरंभ करावा व गाळ आत जाऊ नये म्हणून भोवती जाड वाळू घालावी.

सांगली, कोल्हापूर भागातील पाण्याखालच्या काळ्या जमिनींतही निचऱ्याचा प्रश्न आहे. अति पाण्याने भूजल वर चढते, मुळांना हवा मिळत नाही आणि पृष्ठभागावर पांढरे क्षार फुटतात. खारवट जमिनीत निचऱ्याची सोय झाल्यावर पाणी देऊन क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीस मात्र निचऱ्याबरोबर माती परीक्षणानुसार जिप्समही द्यावे लागते.

आता मातीच्या नळ्यांऐवजी सच्छिद्र प्लॅस्टिक नळ्या वापरतात. तत्त्व तेच आहे. तथापि पाणी अखेर ओढ्यात गेले पाहिजे. ओढा गाळाने भरलेला असेल, तर शेतातील सर्व खर्च वाया जातो. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम लगतच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून ओढा साफ करवून घ्यावा आणि मगच चर खणण्यास हात घालावा.