पणजीत कुठे खायचं? आधी घड्याळ बघा, मग मॅप

"गोव्याला चाललोय, पणजीत कुठे खाऊ?" हा प्रश्न इतक्या जणांनी पाठवलाय की आजचा अख्खा एपिसोड त्यालाच दिला. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलतानाचे 'अं' तेवढे काढलेत.

माझं मत सरळ आहे. पणजीत रेटिंग बघून हॉटेल शोधू नका, वेळ आणि महिना बघून शोधा. होतं काय, आपण उठतो अकराला, जेवायला निघतो चारला. तोवर साध्या खाणावळींतलं ताजं जेवण संपलेलं असतं. मग मॅपवर जे उघडं दिसेल तिथे बसायचं, पाच देशांचे पदार्थ असलेलं मेनूकार्ड चाळायचं, आणि परत येऊन "गोवा काय राहिलं नाही रे" म्हणायचं. हे टाळता येतं.

सकाळ म्हणजे भाजीपाव. वड्याबरोबरचा किंवा मिसळीबरोबरचा पाव डोक्यातून काढा. इथे भाजी निवडायची असते. पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटोची, अळसांद्यांची, नाहीतर दोन एकत्र करून मिक्स. सोबत गोडसर बन्स, एखादी मिरची भजी आणि चहा. कॅफे भोसले, कॅफे टाटो ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल. तिथे टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, खाऊन झालं की उठायचं, रील नंतर. शाकाहारी मित्रांनो, पणजीतलं तुमचं सगळ्यात चांगलं खाणं हे सकाळचंच आहे, झोपून घालवू नका. आणि पावाचे प्रकार बघा: गोल कडक उंडो, बांगडीसारखं कांकण, आणि कोंड्याची, आतून पोकळ पोयी. सायकलवर भोंगा वाजवत येणारा पोदेर दिसला तर त्याच्याकडूनच गरम पोयी घ्या.

आता मुख्य मुद्दा, मासे. दुपारची थाळी, म्हणजे शीतकडी: भात, हुमण, तळलेला मासा, सुक्या सुंगटांची किस्मूर, एखादी भाजी, जमलं तर तिसऱ्यो, आणि सोलकढी. साडेबारा ते दोन ही वेळ. अडीचनंतर वाटीत काय उरलं असेल ते नशीब. तीनच्या पुढे तर बरीच दुकानंसुद्धा शटर ओढून झोपतात, शहराची सवयच ती. मी काय करते सांगू? सकाळी म्युनिसिपल मार्केटच्या मासळी बाजारात एक फेरी मारते. घ्यायचं काही नसतं, फक्त आज काय जास्त आलंय ते बघायचं. मग खाणावळीत विचारायचं, "आयज कसलें नुस्तें आसा?" मराठीत विचारलंत तरी चालतं. बांगड्यांचा ढीग बघून आला असाल तर बांगडाच मागा, सुरमईचा हट्ट नको. सुरमईला तिथे इस्वण म्हणतात, बरं का. थाळीबाहेरचा मासा मागवताना कार्डावर 'साइजप्रमाणे' लिहिलेलं असेल तर तळायला टाकायच्या आधी भाव विचारा. यात लाजायचं काही नाही, गोंयकारही विचारतात.

महिना का बघायचा? 1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं आहेत. पूर्व किनाऱ्यावरची बंदी मात्र 15 एप्रिल ते 14 जून. म्हणजे जुलैत तुमच्या ताटात आलेली मोठी सुरमई बहुधा बर्फात राहिलेली, नाहीतर ट्रकनं दुसऱ्या राज्यातून आलेली. 2018 च्या जुलैत बाहेरून आलेल्या माशांत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून गोवा सरकारनं काही दिवस ही आवकच थांबवली होती. मग पावसात काय खायचं? खाडीतलं आणि नदीतलं: चोणक, शेवटे, खुबे. आणि सुकी मासळी, जी खरं तर पावसाळ्यासाठीच वाळवून ठेवलेली असते.

संध्याकाळी गाड्यांवर रस ऑम्लेट. ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस, वरून कांदा, लिंबू आणि पाव. दोघांत एक पुरत नाही, वेगवेगळं घ्या.

आता पिणं. काजूच्या बोंडांचा रस काढला की तो नीरो, गोड आणि बिनदारूचा, फक्त हंगामात मिळतो. आंबवलेल्या रसाची पहिली वाफ धरली की उर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. फेणीला 2009 मध्ये जीआय मिळालं. उर्राक साधारण मार्च ते मे, टिकत नाही म्हणून बाहेर फारशी जात नाही. लिंबू सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची घालून देतात, सरबतासारखी उतरते, आणि तिथेच घोळ होतो. कारण ती फेणीपेक्षा बरीच सौम्य असली तरी बिअरपेक्षा कडक असते, आणि डोक्यावर ऊन असतं. फोंतान्यशच्या गल्ल्यांत जुने छोटे बार आहेत, तिथे बसून प्या. गिटारच्या आकाराच्या बाटलीचे पैसे काचेला जातात, आतल्या मालाला नाही. बाटली घेऊन किनाऱ्यावर बसलात तर दंड होतो. आणि भाड्याची स्कूटर त्या संध्याकाळी हॉटेलवरच ठेवा. फोंतान्यश ते मार्केट चालत जाता येतं, पणजी तेवढीच आहे.

तुम्ही कुठल्या महिन्यात जाताय ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या आठवड्यात मडगावचा बाजार.