गाइडात न सापडणारे उत्तर

दहावीच्या विद्यार्थ्याला कवितेचे रसग्रहण कसे लिहायचे, हे नेमून दिलेले असते: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गद्य पाठाच्या वाट्याला आकलनाच्या कृती आणि ‘स्वमत’ येते. स्वमतात पाठाच्या विषयाबद्दल काय वाटते ते लिहायचे; पाठ लिहिला कसा आहे, याकडे पाहण्याची वेळ फारशी येतच नाही. हाच विद्यार्थी पुढे नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए.ला बसतो, कादंबरीचे मूल्यमापन करा असा प्रश्न समोर येतो आणि तो गाइड उघडतो. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, भाषाशैली हे मथळे कोणत्याही पुस्तकाला चिकटतात. त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. गद्याला काय विचारायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. म्हणून समीक्षालेखनाची सुरुवात मथळ्यांऐवजी एका प्रश्नापासून करावी: हे सांगतो आहे कोण, आणि त्याला हे कसे ठाऊक?

या प्रश्नासाठी पुस्तके याच नगर जिल्ह्यात आहेत. दया पवार अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस मात्र एकच. गाइडातले उत्तर ‘दाहक वास्तवाचे प्रत्ययकारी चित्रण’ इथे थांबते. खरा निबंध त्यानंतर सुरू होतो. एकाच माणसाचे दोन का केले? शिकून शहरात स्थिरावलेल्या दयाला गावातला दगडू परका झाला, की दगडूची लाज सांगायला दयाचे अंतर लागले? दोन्ही उत्तरे मांडता येतील, पण पुस्तकातली जागा दाखवूनच. लक्ष्मीबाई टिळकांचे बरेच आयुष्य नगर आणि राहुरीत गेले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४चा. मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणाऱ्या वडिलांचे सोवळे त्या सांगतात, आणि घरच्यांचा तो जाच वाचताना आपल्याला हसू येते. तक्रारीचा सूर न लावता जाच पोचतो कसा, या एका प्रश्नावर दोन पाने भरतील. त्यातल्या काही गोष्टी तर त्यांच्या जन्माआधीच्या, म्हणजे ऐकीव. आठवण आणि ऐकीव यांतला सांधा शोधणे ही ललितेतर गद्याच्या समीक्षेची पहिली पायरी.

कादंबरीत खाचखळगे वेगळे. संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ला १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४२ ते १९७९ या काळातले राजकारण, सहकार आणि शिक्षण तिच्यात आहे. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यातला वाचक लगेच ओळखू लागतो, की हे पात्र म्हणजे अमका पुढारी. ही ओळखपरेड म्हणजे समीक्षा नव्हे. लेखकाने कोणाच्या मनात शिरून पाहिले आणि कोणाला बाहेरूनच दाखवले, हे विचारले की विद्यार्थी कादंबरीकडे परततो.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: वर्ग मोठा, तास अपुरे, गुण गाइडाला मिळतात. मग दहा पानांचा निबंध मागूच नये. एक उतारा, एक विधान आणि ते विधान त्या उताऱ्यातूनच सिद्ध करणारा एक परिच्छेद, एवढेच आठवड्याला पुरे. खेड्यातल्या मुलांची भाषा कच्ची असते, असेही म्हणतात. ते मला पटत नाही. गावच्या पारावर ऐकलेल्या हकिकतीत सांगणाऱ्याचा स्वार्थ कुठे शिरला, हे ती मुले अचूक हेरतात. तीच नजर छापील पानावर वळवायला शिकवायचे आहे. लक्ष्मीबाई शाळेत न जाता लग्नानंतर वाचायला शिकल्या, हेही विसरू नये. सर्वांत गंभीर आक्षेप असा, की ‘बलुतं’सारख्या पुस्तकातल्या वेदनेची चिरफाड करणे असंस्कृतपणाचे आहे. पण ‘हृदयद्रावक’ हा एक शब्द लिहून पान उलटणे यात त्या वेदनेचा अधिक अपमान आहे. ज्याने शब्दन्‌शब्द निवडून लिहिले, त्याचे शब्द तितक्याच काळजीने वाचणे हा त्याचा मान आहे.

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत अपठित गद्याचा उतारा असतोच. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी पदवीच्या मराठीच्या पेपरातही असे एक न वाचलेले पान छापावे आणि त्यावर निबंध मागावा. त्या पानाचे गाइड बाजारात मिळणार नाही.