जुहू ते येरवडा: छोट्या विमानांची नव्वद वर्षं

नकाशावर जुहू आणि येरवडा यांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती राजमाचीच्या आसपास घाट चढते आणि कार्ल्याची लेणी नि मळवली स्टेशन यांच्या मधून पुण्याकडे जाते. १९३०च्या दशकात या रेघेला व्यवहारात अर्थ होता. जुहूचं मैदान म्हणजे खाजणाची सपाटी; पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. तेव्हा टाटांची टपाल-विमानसेवा बिऱ्हाड उचलून पुण्याला यायची आणि येरवडा तुरुंगाच्या शेजारच्या मैदानावरून पाऊसभर टपाल वाहायची. दोन पस मॉथ विमानं, तीन वैमानिक आणि तेवढेच मेकॅनिक, एवढाच सगळा संसार. पस मॉथ हे एका इंजिनाचं, कापड ताणून मढवलेलं विमान. वेग ताशी १७० किलोमीटरच्या घरात. म्हणजे मुंबई-पुणे हे सव्वाशे किलोमीटरचं अंतर पाऊण तासाचं. विसापूरचा माथा साडेतीन हजार फुटांवर आहे, लोहगड त्याहून थोडा खाली. त्या विमानाला ही उंची काहीच नव्हती. पण जुलैत मावळातले ढग नेमके याच उंचीवर ठाण मांडून बसतात, आणि विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती. त्या काळातल्या वैमानिकांचं कौतुक करायचंच तर १९३२च्या कराची-मुंबई टपाल-उड्डाणापेक्षा या पावसाळी स्थलांतरासाठी अधिक करावं.

त्यानंतर नव्वद वर्षांत या आकाशातून बरंच काही गेलं. पण कुणा एकाच्या मालकीचं, जुनं, हौसेनं राखलेलं आणि हौसेनंच उडवलेलं इंजिनाचं छोटं विमान मात्र इथून जवळजवळ नाहीसं झालं. त्याची नेहमीची कारणं दोन सांगितली जातात: पैसा आणि सरकारी नियम. दोन्ही खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. पैसा महाराष्ट्रात १९३२ पेक्षा आज किती तरी जास्त आहे, आणि नियम तेव्हाही होते. मागे वळून पाहताना मला वेगळंच कारण ठळक दिसतं. आपण छोट्या विमानाकडे कायम शिडी म्हणून पाहिलं. टपालाकडून प्रवासी सेवेकडे, क्लबाकडून परवान्याकडे, परवान्याकडून मोठ्या कंपनीच्या नोकरीकडे नेणारी शिडी. वर पोचल्यावर शिडी कोण सांभाळतं?

सुरुवातीलाच याची चिन्हं दिसतात. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. त्याच वर्षी आगा खान यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. ते अॅस्पी इंजिनियर या कोवळ्या पोरानं जिंकलं. वाटेत अबूकीरला त्याचं विमान अडलं होतं, तेव्हा समोरून येणाऱ्या प्रतिस्पर्धी जेआरडींनी त्याला आपल्याजवळचे जादा स्पार्क प्लग देऊन टाकले. हौशी उड्डाणाचा याहून निर्मळ क्षण आपल्या इतिहासात शोधून सापडायचा नाही. पण पुढे काय झालं? अॅस्पी वायुदलात गेले आणि १९६० मध्ये वायुदलप्रमुख झाले. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, आणि त्यातून एअर इंडिया उभी राहिली. ही यशाचीच गोष्ट आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र या यशानं छोट्या विमानाची किंमत एकाच मापानं मोजायची सवय लावली: ते पुढे कुठे नेतं?

स्वातंत्र्यानंतर हे माप सरकारनंही उचललं. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये कोल्हापूर भागातल्या हसूरचे डॉ. विष्णू माधव घाटगे विमानांचे आराखडे करत होते. जर्मनीत गोटिंगेनला प्रांट्लसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. १९५१ मध्ये त्यांच्या आराखड्याचं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं आणि १९५८ मध्ये पुष्पक. पुष्पकची रचना मुद्दाम साधी होती: वर पंख, शेजारी-शेजारी दोन जागा, कापडी आवरण, नव्वद अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन. कुणा गावच्या डॉक्टरनं किंवा कारखानदारानं मोटारीऐवजी बाळगावं असं हे यंत्र होतं. दीडशेच्या आसपास पुष्पक बांधली गेली आणि मुख्यतः फ्लाइंग क्लबांच्या वाट्याला गेली. क्लबांना सरकारी अनुदान असायचं, त्यामुळे तिथला प्रत्येक तास कुणाच्या तरी परवान्याच्या खात्यात जमा व्हायचा. शिकाऊ पोरांच्या हातून विमानं घासली, आपटली, दुरुस्त झाली, पुन्हा आपटली. आणि परदेशी बनावटीची नवी शिकाऊ विमानं आली तशी कोपऱ्यात गेली. पुष्पक स्वस्त होतं, देशी होतं, सोपं होतं. तरी त्याच्यावर माया करणारा मालकवर्ग तयार झाला नाही, कारण मालक होण्याची वाटच कुणी आखली नव्हती. देशातल्या सर्वांत सोप्या विमानाची ही गत झाली, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो सुरक्षिततेचा. पन्नास-सत्तर वर्षांचं विमान हवेत नेणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यापेक्षा ते संग्रहालयात बरं. वाटायला हे शहाणपणाचं वाटतं, पण पस मॉथचाच इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. १९३० ते १९३३ या काळात जगभर अनेक पस मॉथ हवेतच पंख मोडून कोसळली, आणि ती सगळी नवी कोरी होती. दोष आराखड्यात होता. पंखाच्या टेकूची रचना सुधारल्यावर तो आटोक्यात आला. विमानाचं वय घरासारखं मोजता येत नाही. कापड ठरावीक काळानं उतरवून नवं चढवतात, इंजिन ठरावीक तासांनी पूर्ण उघडतात, पोलादी नळ्यांचा सांगाडा गंजापायी तपासतात, लाकडी पंखातला जुना सरस ओलाव्यानं सुटलाय का ते पाहतात. हे सगळं करणारा कारागीर असला तर जुनं विमान शांतपणे उडतं. तो नसला तर दहा वर्षांचं विमानही घातकी. म्हणजे प्रश्न वयाचा नसून हातांचा आहे. आणि ते हात आपण गमावले. भारतीय वायुदलानं आपल्या ऐतिहासिक तुकडीसाठी टायगर मॉथ पुन्हा उडतं केलं, तेव्हा ते काम ब्रिटनमधल्या कारागिरांकडून करून घ्यावं लागलं. एके काळी ज्या देशात टायगर मॉथवर वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या, त्याच देशात ही वेळ. ब्रिटनमध्ये मॉथ विमानं बनवणारी मूळ कंपनी कधीच इतिहासजमा झाली, पण १९७५ पासून मॉथ बाळगणाऱ्यांचा क्लब आहे, सुटे भाग आणि तांत्रिक कागद पुरवणारी व्यवस्था आहे. तिथे हे टिकवलं ते मालकांनी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: गरीब देशात ही श्रीमंतांची थेरं कशाला? जेआरडी किंवा संस्थानिक यांच्याकडे पाहिलं तर आक्षेप खराच वाटतो. पण पुण्याच्या हडपसरला नागरी विमान वाहतूक खात्याचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे विंचच्या दोरानं ओढून ग्लायडर वर सोडतात, आणि सर्वसाधारण घरांतल्या मुलामुलींनी तिथे उडायला शिकून घेतलं. रोहिणी हे लाकडी, दोन आसनी ग्लायडर १९६१ मध्ये आपल्याच देशात, त्याच खात्याच्या आराखड्यावर तयार झालं. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर उड्डाण स्वस्त होतं, हे सिद्ध झालेलं आहे. शिवाय श्रीमंतांच्या हौसेचं वावडं आपल्याला आहे असंही नाही. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना आणि मोटारसायकलींना २०२१ मध्ये केंद्र सरकारनं वेगळी नोंदणी दिली, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं दिली. गॅरेजातली १९५०ची गाडी वारसा ठरते, तर त्याच काळचं विमान भंगार का? खर्चाबद्दल एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. विमान विकत घेणं स्वस्तात जमू शकतं, ते सांभाळणं महाग आहे: परवानाधारक इंजिनियर, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, विमा, छप्पर. छपराचा प्रश्न त्यातला सगळ्यात सोपा, कारण पस मॉथ आणि त्याच जातकुळीचं लेपर्ड मॉथ यांचे पंख मागे दुमडून अंगाला लावता येतात. मोठ्या गोठ्याएवढी शेडही पुरते. इंधनाचं दुखणं मोठं. पिस्टन इंजिनाला जेट विमानांचं केरोसीनच्या जातीचं इंधन चालत नाही. त्याला लागणारं खास पेट्रोल आपण आयात करत होतो. इंडियन ऑइलनं गुजरातच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं ते थेट २०२२ मध्ये. तोवर छोट्या विमानाचा मालक परदेशी पिंपांवर अवलंबून होता, आणि याची कुणाला निकड वाटली नाही, हेही शिडीच्याच मनोवृत्तीचं लक्षण.

मग मळवली आणि कामशेतच्या डोंगरांचं काय, असं कुणी विचारेल. गेल्या तीसेक वर्षांत हा पट्टा पॅराग्लायडिंगचं देशातलं एक प्रमुख ठिकाण झाला. कारण भूगोलात आहे. पश्चिमेचा वारा घाट चढून येतो, इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांतल्या कड्यांवर आपटून वर उचलला जातो, आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले उतार असल्यानं वारा फिरला तरी कुठून ना कुठून उडता येतं. पावसाळा संपला की हंगाम सुरू होतो, मेपर्यंत चालतो. अख्खा सरंजाम पाठीवरच्या पोत्यात मावतो. लोकलनं आलेला माणूसही उडू शकतो. माझ्या युक्तिवादाला इथे दुजोरा मिळतो, कारण या पंखाला पुढची पायरी नाही. पॅराग्लायडर उडवून कुणी एअरलाइनमध्ये लागत नाही. माणसं केवळ उडण्यासाठी उडतात, म्हणून खेळ टिकला, शिकवणारे तयार झाले, गावांत रोजगार आला. पण तेवढ्यानं जुन्या विमानाची उणीव भरून निघते असं मला वाटत नाही. पॅराग्लायडरचं नायलॉनी कापड उन्हानं कमजोर होतं, काहीशे तासांनंतर त्यातून हवा झिरपू लागते आणि पंख टाकून द्यावा लागतो. तो जुना होऊन जपला जाऊच शकत नाही. त्याला उघडून दुरुस्त करण्याची, आधीच्या पिढीच्या हाताची खूण ओळखण्याची सोय नाही. उडण्याची आवड मावळात जिवंत आहे. यंत्र राखण्याची विद्या तिथे रुजलेली नाही, आणि त्या खेळाकडून तशी अपेक्षाही नाही.

ती विद्या किती पातळ झाली, हे एकाच उड्डाणाच्या तीन आवृत्त्यांवरून मोजता येतं. १९३२ मध्ये जेआरडी पस मॉथ घेऊन आले. सुवर्णमहोत्सवाला, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते जुहू हे अंतर पुन्हा तोडलं ते लेपर्ड मॉथमधून. पस मॉथची ही धाकटी बहीण, बांधणी १९३०च्या दशकातली. म्हणजे तोपर्यंत निदान एक जुनं विमान उडण्याच्या स्थितीत ठेवण्याएवढी आस्था शाबूत होती, मग ती एका माणसाच्या वजनामुळे का असेना. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडितनं तेच उड्डाण केलं, या वेळी कराचीऐवजी भुजहून, आणि विमान होतं पिपिस्ट्रेल या स्लोव्हेनियन कंपनीचं आधुनिक हलकं सायनस. आरोहीच्या कौशल्याबद्दल प्रश्नच नाही. त्याच्या दोन वर्षं आधी तिनं एकटीनं अटलांटिक ओलांडला होता. पण वैमानिक सुधारत गेले आणि विमानं मात्र मागे राहिली नाहीत, ती संपलीच, हे या तिन्ही तारखा शेजारी ठेवल्यावर लपत नाही.

उलट उदाहरण म्हणून अमोल यादव यांचं नाव पुढे येईल. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि पुढे धुळ्याला चाचण्या झाल्या. जिद्द अचाट, यात शंका नाही. पण या विमानाचं कौतुक कोणत्या भाषेत झालं ते आठवून पाहा: आता महाराष्ट्रात विमानांचा कारखाना होणार, छोटी शहरं जोडली जाणार. आपल्या माणसानं विमान बांधून उडवलं, एवढ्यावर थांबायला कुणी तयार नव्हतं. पुन्हा शिडीच.

शेवटचा आक्षेप जागेचा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पुण्याचा विमानतळ वायुदलाचा, मुंबईचं आकाश गजबजलेलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून घाटाच्या पायथ्यालाच तिसरं मोठं केंद्र आलं. मावळावरचा मोकळा थर खालच्या काही हजार फुटांपुरता उरतो, आणि तिथे हंगामात पॅराग्लायडर असतात. त्यामुळे जुनं विमान मळवलीच्या माळावर ठेवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. हडपसरला मैदान आहे, खातं सरकारी आहे, ग्लायडरच्या निमित्तानं लाकूड-कापडाचं काम जाणणारी परंपरा तिथे होती. एखादं पुष्पक, एखादं रोहिणी तिथे उडत्या स्थितीत ठेवायला नवा कायदा लागत नाही. एक इंजिनियर, दोन उमेदवार आणि गुजरातहून येणारी इंधनाची पिंपं लागतात. पावसाळ्याचे चार महिने उड्डाण बंद, तेव्हा कापड उतरवून सांगाडा तपासायचा.