साथ, मरी, महामारी : आजाराला कोणत्या नावाने ओळखायचे?

पावसाळ्याचे पहिले पंधरा-वीस दिवस गेले की मेघवाडीपासून प्रतापनगरपर्यंत घरोघरी कोणी ना कोणी अंथरुण धरते. मग नळावर बोलणे सुरू होते. एक ताई म्हणते, ‘साथ आलीय.’ आजी म्हणते, ‘मरी फिरतेय.’ कॉलेजातला मुलगा मोबाईल बघून म्हणतो, ‘महामारी.’ दवाखान्यातून आलेला सांगतो, ‘व्हायरल आहे म्हणे.’ आजार एकच आणि नावे चार. आपण आजाराला ज्या नावाने ओळखतो, त्यावरून पुढे काय करायचे ते ठरते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हे शब्दच तपासून पाहू या.

‘मरी’ म्हणजे मरण आणणारा रोग. जुन्या लोकांच्या तोंडी तो शब्द बहुधा पटकीसाठी, म्हणजे कॉलऱ्यासाठी असे. मोठी मरी ती महामारी. जरीमरी हा शब्दही त्यातलाच. साकीनाक्याहून कुर्ल्याकडे जाताना त्या नावाची वस्ती लागते. पटकीची दहशत इतकी होती की ‘तुला पटकी येवो’ ही शिवी अजून ऐकू येते. गाठीच्या प्लेगला त्या काळी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला लोक ‘मानमोडी’ म्हणत. त्या मानमोडीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

काही रोगांची तर देवीच झाली. पटकीची मरीआई झाली. फोड येणाऱ्या जीवघेण्या रोगाचे नावच ‘देवी’ पडले. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वाजतगाजत नेऊन शिवेबाहेर सोडायचा, म्हणजे रोग आपल्या गावातून गेला, असे समजत. मरीआईचे ठाणे अनेक गावांत महारवाड्याजवळ असे आणि तिची पूजाही आपल्या माणसांकडे असे. पण पटकीचे जंतू गाड्यात बसून जात नव्हते. ते विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्यात होते. गाडा शिवेबाहेर गेला तरी गाव तेच पाणी पीत राहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या घरांतून देव्हारे गेले. शब्द मात्र मागे राहिले. आजही पोराच्या अंगावर पुरळ उठले की ‘माता आली’ म्हणतात. मग कडुलिंबाचा पाला टांगायचा, फोडणी बंद, अंघोळ बंद आणि डॉक्टरही बंद. खरे तर ते पुरळ गोवराचे असते किंवा कांजिण्यांचे. २०२२ च्या शेवटी गोवंडीच्या वस्त्यांतून गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लस न घेतलेली मुले दगावली. गोवर हवेतून पसरतो. त्याची लस पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते : पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. ‘माता’ म्हटले की आपण वाट पाहतो. ‘गोवर’ म्हटले की लसीचे कार्ड शोधतो. देवीचा रोगही पूजेने गेला नाही, लसीने गेला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून संपल्याचे जाहीर केले.

हा धडा आपल्याला सावित्रीमाईंनी कधीच दिला आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यात पोहोचला. सावित्रीमाई आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला माईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोक जिथे कोप पाहत होते, तिथे माईंनी रोगी पाहिला.

आता दवाखान्यातले आणि बातम्यांतले शब्द. एका चाळीत एकाच आठवड्यात दहा-बारा जणांना जुलाब झाले, तर तो उद्रेक. तोच आजार शहरभर पसरला तर साथ. देशोदेशी पसरला तर महासाथ. यालाच टीव्हीवर महामारी म्हणतात. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हटले. क्षयासारखे आजार मात्र बारा महिने वस्तीत मुक्कामाला असतात. त्यांची बातमी होत नाही, पण माणसे त्यांनीही जातात.

यातला ‘उद्रेक’ हा शब्द आपल्या सर्वांत कामाचा. आजार चाळीपुरता असतानाच तो थोपवता येतो. म्हणून शेजारी तिघांना एकदम जुलाब झाले, तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून सोडू नका. आपली पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते का ते बघा, पालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पाणी उकळून प्या. जुलाब होणाऱ्याला ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला; चमचा चहाचा घ्या. तोंड सुकले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर घरी थांबू नका.

कोणी ‘साथ आलीय’ म्हटले की एकच प्रश्न विचारायचा : कशातून आली? पाण्यातून आली तर पाणी उकळा. डासातून, म्हणजे डेंग्यू किंवा मलेरिया असेल, तर आठवड्यातून एक दिवस पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टो येतो. ओशिवरा नदीकाठी पाणी भरले आणि त्यातून चालावे लागले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या; पायाला जखम असेल तर नक्कीच. हवेतून येणारा असेल तर मास्क लावा, खिडकी उघडा आणि लस घ्या.

‘साथ’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे. एकदा एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता, कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून नीट निजवले. कोरोनाच्या काळात आपल्या चाळींतही काही दारे रोग्यासाठी बंद झाली होती, हे आपण विसरलेलो नाही. यापुढे रोगापासून अंतर राखू, पण घरात रोगी असेल त्याच्या दारात पाणी, औषध आणि जेवण पोहोचवू.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या फळ्यावर वस्तीत सुरू असलेल्या आजाराचे खरे नाव आणि तो कशातून पसरतो, एवढ्या दोन ओळी लिहा. आजाऱ्याचे नाव मात्र लिहू नका. आजीला त्या ओळी मोठ्याने वाचून दाखवा.