हाकेच्या अंतरावरचं जग

माळशेज घाट चढून कल्याण-नगर रस्त्याने आळेफाट्याकडे निघालं की वाटेत पुणे जिल्ह्यातलं ओतूर लागतं. गाव बाजाराचं, कांद्याचं. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथलीच. श्रावणी सोमवारी देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला पंचक्रोशी लोटते. जत्रेत कुस्त्यांचा आखाडाही भरतो. २६ ऑगस्ट १९४४ रोजी अनिल अवचट या गावात जन्मले. चित्रकार सुभाष अवचट हे त्यांचे धाकटे भाऊ. एका घरातून एक लिहिणारा आणि एक रंगवणारा निघाला, आणि लिहिणाराही आयुष्यभर चित्रं काढत राहिला.

अवचट कादंबरीच्या वाटेला गेले नाहीत. तरी त्यांच्या लेखांतली माणसं कादंबरीतल्या पात्रांसारखी मनात घर करतात. याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाड्याला, गो. नी. दांडेकर राहत. ते गडकिल्ले पायी हिंडायचे आणि त्या हिंडण्यातून कादंबऱ्या घेऊन यायचे. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीच्या परिसरातूनच आली. अवचटांचं हिंडणंही तसंच, फक्त ते गड चढण्याऐवजी वस्तीत शिरायचे. हमाल कुठे बसतात, विडी वळणाऱ्या बाईला दिवसाकाठी काय मिळतं, मागावर पाळी कशी चालते, हे पाहायला ते जात. तिथे बसत, विचारत, पुन्हा जात.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत. १९६९मध्ये ‘पूर्णिया’ हे पहिलं पुस्तक आलं. बिहारमधल्या त्या जिल्ह्याचं दारिद्र्य पाहून आलेल्या तरुणाचं ते लेखन होतं. पुढे ‘माणसं’, ‘संभ्रम’, ‘वाघ्यामुरळी’, ‘कोंडमारा’, ‘धागे आडवे उभे’ अशी पुस्तकं येत गेली. निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगार बायांवरचा त्यांचा लेख मराठी वाचकाला हलवून गेला. बुवाबाजी, देवाला सोडलेल्या मुली, गावोगावचे दलितांवरचे अत्याचार हे सगळं त्यांनी साध्या बोलीत आणि लहान लहान वाक्यांत लिहिलं. लेखात कुठेही आवाज चढत नाही. वाचणाऱ्याचा मात्र चढतो, आणि मला ही त्यांची मोठी ताकद वाटते.

हे सगळं ज्या घरात लिहिलं गेलं, त्या घराची घडीही सांगायला हवी. पत्नी डॉ. सुनंदा मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि नोकरी करत होत्या. घराचा आर्थिक भार त्यांनी उचलला म्हणून अवचट लिहू शकले, आणि हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. मुक्ता आणि यशोदा या मुलींना वाढवणं, भाजी निवडणं, पोळ्या लाटणं हे त्यांच्या दिवसाचा भाग होतं. लेखनासाठी मूडची वाट पाहणं, एकांताची खोली, तऱ्हेवाईकपणा या लेखकपणाच्या रूढ खुणा त्यांच्याकडे नव्हत्या. पुण्यातल्या पत्रकारनगरच्या घरात त्यांचं लिहिणं कणीक मळण्याच्या शेजारी चालायचं. त्या पिढीच्या किती मराठी लेखकांबद्दल असं म्हणता येईल?

आणि छंद! लाकूड कोरणं, कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करणं, बासरी, चित्रं, फोटो, जादूचे प्रयोग, गाणं. ‘छंदांविषयी’ हे पुस्तक वाचताना लक्षात येतं की हे विरंगुळे लेखनापासून वेगळे नाहीत. लाकडाच्या ओंडक्याचे रेषे कोणत्या दिशेने गेलेत ते पाहून पटाशी चालवावी लागते. रेषांच्या उलट गेलं की लाकूड फाटतं. हा माणूस बोलणाऱ्यालाही तसाच त्याच्या कलाने घ्यायचा. कामगाराच्या हक्काबद्दल विचारण्याआधी तो काम कसं करतो ते विचारायचा. विडीचं पान कसं कापतात, तंबाखू किती भरतात, दोरा कसा गुंडाळतात. आपल्या हातातल्या कौशल्याची कुणी चौकशी केली की माणूस खुलतो, आणि मग दुःखही सांगतो. हाताने काही घडवणाऱ्यालाच सुचावी अशी ही पद्धत आहे. त्यांच्या शैलीची नक्कल करणारे पुष्कळ झाले. छोटी वाक्यं जमतात, ही चौकशी मात्र जमत नाही.

त्यांच्या भटकंतीचा आवाका किती लहान आणि किती मोठा! पु. ल. देशपांड्यांनी युरोपच्या प्रवासावर ‘अपूर्वाई’ लिहिली, तर अवचटांच्या एका पुस्तकाचं नाव ‘पुण्याची अपूर्वाई’. आपल्याच शहराकडे परदेशाइतक्या कुतूहलाने पाहायचं हा त्यांचा स्वभाव. अमेरिकेला जाऊन आले तेव्हाही पुस्तक लिहिलंच, पण माझ्या मते त्यांचं डोळ्यांत भरणारं लेखन जवळच्याच जगाबद्दल आहे.

पुण्यात गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन पसरत होतं तेव्हा त्यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखमाला छापून झाली की लेखक पुढच्या विषयाकडे वळतो, वळावंच लागतं. इथे लेखक त्या विषयातच राहिला. मुक्तांगणमधली मंडळी सुनंदाताईंना मॅडम म्हणत आणि अवचटांना बाबा. १९९७मध्ये सुनंदाताई कॅन्सरने गेल्या. त्यांच्यामागे मुक्तांगण चालू राहिलं, आणि पुढे थोरली लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं.

उत्तरायुष्यात त्यांचं लेखन निसर्गाकडे आणि मुलांकडे जास्त झुकलं. ‘सृष्टीत... गोष्टीत’ला २०१०मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. काहींना हे लेखन सौम्य वाटलं, ‘कोंडमारा’ लिहिणाऱ्याने झाडापानांत रमावं हे पटलं नाही. मला त्यात तुटलेपण दिसत नाही. झाडाला ‘तू पाणी वर कसं नेतोस’ म्हणून विचारणारा आणि विणकराला ‘धागा तुटला तर काय करता’ म्हणून विचारणारा माणूस एकच आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात ते गेले.

त्यांच्याकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाती मी आधी ‘स्वतःविषयी’ देईन. ओतूरचं बालपण तिथे भेटतं, घरातले ताण भेटतात, आणि स्वतःच्या उणिवा झाकायची घाई कुठेच नसते. मग ‘माणसं’. आणि त्यानंतर, थोडं मागे पडलेलं म्हणून मुद्दाम, मागावरच्या कामगारांबद्दलही सांगणारं ‘धागे आडवे उभे’. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला आजही माग चालू आहेत, आणि पाळी, मजुरी, आजारपण यांची चौकशी करणारा लेखक तिथे आजही हवाच आहे.