गेरू कीं हुरमुंजी ?

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत ओटीला उजेड भरपूर. माजघराला मात्र चौकांतून झिरपेल तेवढाच. अशा माजघराच्या भिंती मातकट तांबड्या करावयाच्या ठरल्या म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एकाला गेरू हवा असतो, दुसऱ्याला हुरमुंजी. पुडींत पाहिले असतां दोन्ही रंग भावंडांसारखे दिसतात. भिंतीवर चढल्यावर मात्र त्यांचे स्वभाव वेगळे पडतात.

नातें खरोखरच सख्खें आहे. दोहोंचा तांबडेपणा लोहाच्या एकाच ऑक्साइडाचा, म्हणजे हेमॅटाइटचा होय. गेरूंत चिकणमातीचा अंश बराच असतो. म्हणून तो विटकरी व सौम्य दिसतो. तुळशीवृंदावनाला व कुंड्यांना देतात तो हाच. हुरमुंजीला नांव मिळालें तें इराणच्या किनाऱ्याजवळील होर्मुझ बेटावरून. तेथील तांबडी माती प्रसिद्धच आहे. हा रंग अधिक गडद, तपकिरी व किंचित् जांभळट असतो. हेमॅटाइटचे कण बारीक असले कीं रंग नारिंगीकडे झुकतो, जाडे असले कीं जांभळटाकडे. दोन्ही रंग चुन्यांत टिकतात आणि उन्हानें विटत नाहींत. तेव्हां टिकाऊपणावरून निवड होत नाहीं. ती उजेडावरूनच करावी लागते.

उजेड मंदावूं लागला कीं डोळ्याला तांबडा रंग इतर रंगांच्या आधीं काळवंडलेला दिसतो. १९व्या शतकांत पुर्किने या शास्त्रज्ञानें ही गोष्ट नोंदविली. म्हणून दिवेलागणीच्या सुमारास माजघरांतील हुरमुंजी जवळजवळ काळी भासते. गेरू थोडा वेळ तग धरतो. पिवळसर दिवा लावला कीं दोहोंनाही ऊब येते. निळसर पांढऱ्या दिव्याखालीं दोन्ही मलूल होतात.

तेव्हां पुडी पाहून निर्णय करूं नये. चौकासमोरच्या भिंतीवर व अंधाऱ्या कोपऱ्यांत दोन्ही रंगांचे हातभर पट्टे ओढावे, ते पूर्ण वाळूं द्यावे, कारण ओला रंग नेहमींच गडद दिसतो. आणि मग सकाळीं, तिन्हीसांजेला व दिव्याच्या उजेडांत असे तीनदां पाहावे. ज्या खोलींत धान्य निवडावयाचें व मुलांनीं अभ्यास करावयाचा, तेथें बहुधा गेरूच सोयीचा ठरेल. हुरमुंजीचा आग्रहच असेल, तर ती कमरेइतक्या पट्ट्यापुरती ठेवून वर पांढरा चुना द्यावा. ओटीवर मात्र तिला मोकळें रान द्यावयास हरकत नाहीं. तेथें तिचा भारदस्तपणा उजेडांत खुलून दिसतो.