घरात जुना वस्तरा सापडलाय? त्याचं वय आणि गाव असं शोधा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर पणजोबांचा वस्तरा सापडला. आजी म्हणाली, "दोनशे वर्षांचा आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय!" मी फोटो काढून इमेज सर्चला टाकला, तर तसेच दिसणारे ढीगभर वस्तरे समोर आले. सर्च आकार जुळवतो आणि वस्तरे दिसतात सारखेच. खरी माहिती शिक्क्यात असते.

तेवढ्यात मामा पॉलिश पेपर घेऊन आला. म्हटलं, "मामा, थांब!" गंजाबरोबर शिक्काही घासला जातो. म्हणून आधी फोटो.

1. फोटो: शिक्का पात्याच्या मुळाशी, मुठीच्या खिळ्याजवळ असतो. फ्लॅश बंद ठेवा. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. कोरलेल्या अक्षरांत सावली पडते आणि पुसट नावही वाचता येतं. धार अजून कापते, जपून!

2. गाव: सगळ्यात जास्त दिसणारी नावं दोन, इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगन.

3. साल: मुकुटाजवळ 'डब्ल्यू आर' असेल तर चौथा विल्यम (1830–37), 'व्ही आर' असेल तर व्हिक्टोरिया राणी (1837–1901). परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपू नये म्हणून ब्रिटनने 1887 मध्ये कायदा केला. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे देशाचं नाव छापलेला वस्तरा बहुतेक त्यानंतरचा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 नंतरचा.

4. पातं आणि मूठ: पाचरीसारखं जाड पातं साधारण जुन्या काळातलं. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं पातं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं. सेल्युलॉइडची मूठ 1870 च्या आधीची नसते. पण मूठ नंतर बदललेलीही असू शकते, म्हणून तिच्यापेक्षा शिक्क्यावर जास्त भरवसा ठेवा.

आमच्या वस्तऱ्यावर काय निघालं? 'झोलिंगन', खाली 'जर्मनी', आणि पातं खोलगट. म्हणजे दोनशे वर्षं नक्कीच नाहीत. आजी जरा हिरमुसली. मी म्हटलं, "आजी, पणजोबांचा जन्म 1900 च्या आसपासचा ना? मग हा त्यांना कुणाकडून मिळाला नसेल, त्यांनी स्वतःच घेतला असेल." ती लगेच सांगायला लागली, ते रोज पहाटे अंगणात आरसा टांगून दाढी करायचे.

पॉलिश पेपर परत कपाटात गेला. पात्याला तेलाचा हलका हात दिला, बस.